शेपटीकडचा वाटा

लाम्रिया नऊ वर्षं एका खांबाशी भांडत होती.

खांब घराच्या मधोमध, चुलीला लागून होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुरानं काळाकुळकुळीत झालेला. त्याच्या एका अंगाला लाम्रियाची चूल, दुसऱ्या अंगाला तिच्या सासऱ्याची चटई. सासऱ्यानं आणि सुनेनं एकमेकांशी थेट बोलायचं नाही, हा तोबा सरोवराच्या काठचा जुना नेम. नवरा होता तोवर निरोपांची ने-आण तोच करायचा, आणि करताना त्यांतली नखं कापून टाकायचा. मग तो, सहाला नाव त्याचं, छातीच्या दुखण्यानं गेला. पोटी मूल नाही. घरात उरली दोघं, आणि दोघांनाही एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं. तेव्हापासून मध्यस्थी खांबाकडे आली.

"खांबा, विचार तिला, मिठाची खाण बंद पडली काय?" म्हातारा म्हणायचा.

"खांबा, सांग त्यांना, मीठ बरोबर आहे, जीभ म्हातारी झालीय," चुलीकडून जबाब जायचा.

हे रोज तीन वेळा. खांबानं कधी कुणाची बाजू घेतली नाही.

म्हाताऱ्याला गावात ओंपू तोगार म्हणत, म्हणजे तोगार या थोरल्या नातवाचा आजा. शहाऐंशी वर्षं वय, तोंडात दात तीन, आणि खाण्याची मिजास राजाची. त्यातही त्याला हवं ते मांस आता कुणी शिजवत नव्हतं. बालिगेच्या बाजारात लोक डुकराच्या मांडीचं, पोटाचं मांस घेऊन चालू लागत. हा मागायचा कान, नाकाड, जबडा, नरडं, फुप्फुस, आतडी. लाम्रिया ते आणायची. कान विस्तवावर धरून केस जाळायची, सुरीनं खरवडायची. आतडी बांबूच्या काडीवर उलटी करून मीठ आणि राख लावून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची. फुप्फुस उकळताना पातेल्यातून वर वर येतं, त्याच्यावर दगड ठेवायची. नरड्याची कुरकुरीत कडी तासभर बसून इतकी बारीक चिरायची की तीन दातांनाही तक्रार करता येऊ नये. शेवटी रक्त, आलं आणि ओंजळभर तिरफळ घालून सगळं आटवायचं.

हे ती मायेनं करत नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. म्हाताऱ्याच्या तोंडून एकदा तरी "बरं झालंय" एवढे दोन शब्द काढायचे, या एकाच ईर्ष्येनं करत होती. नऊ वर्षांत निघाले नव्हते.

त्या शुक्रवारी ती अंगणात नाकाड भाजत बसली होती, तेव्हा फाटकातून तिची नणंद तियांबून आली. तियांबून पोर्सेयाला दिलेली. आली की आधी घराच्या कोपऱ्यांतून नजर फिरवायची, मग माणसांकडे बघायची.

"अजून हेच चाललंय का गं तुझं?" तिनं नाकाला पदर लावल्यासारखा हात लावला. "सगळ्या आळीत वास सुटलाय."

"आळीला सवय आहे, वन्सं. तुम्हीच दोन वर्षांनी आलात."

"आता नेहमी येईन. उद्या दादा येतोय मेदानहून. बाबांना घास भरवायचं ठरलंय."

लाम्रियाचा हात विस्तवावर थांबला. घास भरवणं म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. म्हातारं माणूस जिवंत असताना लेकरं एकत्र जमतात, डुक्कर कापून त्याचे नावाचे भाग शिजवतात, आपल्या हातानं एकेक घास भरवतात. त्यानंतर म्हातारा शेवटचा शब्द बोलतो. कुणाला काय, कुणाकडे काय. पंचांसमोर बोललेला तो शब्द नंतर फिरत नाही. आणि ओंपू तोगारकडे वाटण्यासारखं होतं काय? एक घर.

"मला कुणी बोललं नाही," लाम्रिया म्हणाली.

"तुला कशाला बोलायचं? लेकरांचं काम आहे हे." तियांबून पायरीवर ऐसपैस बसली. "हे बघ, वाकडं वाटून घेऊ नकोस. रीतीनं घर धाकट्या भावाचं, कबूल. पण धाकटा गेला, मागं वारस नाही. मग थोरल्याकडेच जाणार ना? दादा बाबांना मेदानला नेतो म्हणतोय. घराला सरोवर बघायला येणारे, भाडं देणारे पाहुणे मिळतील. तुझं माहेर मुआराला ना? लाँच जाते की आठवड्यातून तीनदा."

"वेळापत्रक पाठ करून आलात."

"तुझ्या सोयीसाठी."

लाम्रियानं नाकाड पुन्हा विस्तवावर धरलं. माहेरी भाऊ होता, भावजय होती, आणि तिच्यासाठी तिथं वळचणीखालीही जागा नव्हती. नऊ वर्षं ती या म्हाताऱ्याची चूल पेटवत होती, चादरी धूत होती, बोलणी खात होती, आणि उद्या दुपारी चार घासांत सगळं संपणार होतं. तिला भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. घरात म्हातारा सगळं ऐकत होता. कान त्याचे अजून तरणे होते.

रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला, "खांबा, विचार तिला, आज भाजीत रागच जास्त पडलाय का?"

तिनं जबाबाऐवजी चुलीवरचं पातेलं दाणकन खाली ठेवलं.

शनिवारी सकाळी थोरल्या भावाची, हालोमोआनची गाडी अंगणात आली. हालोमोआन पोटानं आणि आवाजानं मोठा माणूस. त्यानं मागचं दार उघडून बर्फाच्या तीन पेट्या उतरवून घेतल्या आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"चिखल नाही, रक्त नाही, किंचाळणं नाही," तो म्हणाला. "मेदानच्या सगळ्यात चांगल्या दुकानातून आणलंय. बाबांना बघू तर दे."

पेटी म्हाताऱ्याच्या चटईपाशी नेऊन उघडली. आत पारदर्शक पिशव्यांतून गुलाबी मांसाच्या वड्या नीट रचून ठेवलेल्या. कातडी नाही, हाड नाही, चरबीची रेघसुद्धा नाही. म्हाताऱ्यानं एक पिशवी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली, वास घेतला.

"डोकं कुठंय?"

"डोकं नाही घेतलं, बाबा. दुकानदार म्हणाला, साफ करून देतो. सगळं खाण्याजोगंच आहे, एक तुकडा वाया जायचा नाही."

"जबडा?"

हालोमोआननं दुसरी पिशवी पुढं केली.

"बरगडी? शेपूट?" म्हाताऱ्यानं पिशवी पेटीत टाकली. "तू याच गावात जन्मलास ना रे? की आईनं बाजारातून आणला होता तुला? मी जावयाच्या हातात काय देऊ? घराच्या धन्यापुढं काय ठेवू? हे कुठलं मांस आहे, पुढचं की मागचं, ते तरी सांग. बेवारशी मांस भरवायला निघालाय बापाला. मी तोंड उघडणार नाही."

आणि त्यानं खरोखरच ओठ मिटून घेतले.

दारात उभ्या असलेल्या तियांबूनचा चेहरा पडला. भाग नावानिशी ठेवले नाहीत तर घास नाही, घास नाही तर शब्द नाही. पंच एक वाजता येणार होते, बालिगेहून अख्खं जनावर आणायला वेळ नव्हता. गावातली डुकरं गेल्या वर्षीच्या रोगात झाडून गेलेली, आणि भीतीनं कुणी पुन्हा पाळलं नव्हतं. एक डुक्कर सोडून. ते लाम्रियाच्या मागच्या खोपटात होतं. रोगाच्या दिवसांत ती त्याला उकळलेलंच खाणं घालायची आणि खोपटाकडे येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पाद्री का असेना, कोयता दाखवून परत पाठवायची. गाव तेव्हा तिला वेडी म्हणालं होतं.

भाऊबहीण दोघं चुलीपाशी आले.

"तुझं डुक्कर दे," हालोमोआन म्हणाला. "बोल, काय घेशील?"

"विकायचं नाही, भावजी."

"दुप्पट देतो."

"कान दुखतायत का तुमचे? विकायचं नाही म्हटलं." लाम्रियानं चुलीत लाकूड सारलं. "या घरचं डुक्कर आहे, घरचं म्हणूनच कापा. फुकट देते. पण कापायचं जुन्या पद्धतीनं, सुरा कुठून फिरवायचा ते मी सांगणार, आणि नावाचे भाग या चुलीवर मी शिजवणार."

तियांबून हसली. "बघ, दादा! हिला शेपूट हवीय."

शेपूट म्हणजे नुसती शेपूट नव्हे. शेपटीसकट अख्खा पुठ्ठा, तो घरच्या यजमानाचा भाग. वरचं डोकं थोरल्याचं, खालचा जबडा लेकीजावयाचा, बरगड्या सोयऱ्यांच्या. त्या दिवशी पुठ्ठा ज्याच्यापुढं राहिला, तो त्या घराचा धनी. हे गावातल्या कोंबडीलाही ठाऊक होतं.

"मी काही हवंय म्हणाले नाही," लाम्रिया म्हणाली. "ज्या घरचं जनावर त्या घरात शेपूट राहते. रीत मी नाही केली."

"रीतच सांगतेस तर ऐक," हालोमोआन खाली वाकून म्हणाला. त्याच्या अत्तराचा वास चुलीच्या धुरात शिरला. "पोर नसलेल्या विधवेला यजमानाचा वाटा मिळत नाही. आजवर कुणाला मिळाला नाही. तू शिजव. खुशाल शिजव. वाटणार बाबा, आणि घेणार मी."

"मग हरकत कसली?"

खांबापलीकडून खोकल्याचा आवाज आला. "खांबा, विचार तिला, सुऱ्याला धार आहे का? का तोंडालाच आहे सगळी?"

"दोन्हीला आहे म्हणावं," लाम्रिया म्हणाली.

कापण्याचं काम जावयाचं. तियांबूनचा नवरा बिन्सार गरीब माणूस, बायकोच्या डोळ्याकडे बघून श्वास घेणारा. डुक्कर पडलं, रक्त लिंबू पिळलेल्या पातेल्यात धरलं, गवताच्या जाळावर कातडी भाजून खरवडली. डोकं उतरलं. बिन्सारनं जबडा जिभेसकट वेगळा केला तो मात्र सुरेख केला, कारण तो त्याचाच होता. बरगड्या निघाल्या. तो मागच्या बाजूला आला तशी तियांबून त्याच्या कानाशी वाकली आणि काहीतरी पुटपुटली.

बिन्सारनं सुरा टेकवला तो शेपटीच्या अगदी बुडाशी. तिथून कापलं की शेपूट सुटी होते आणि पुठ्ठा नुसतं मांस होऊन बसतो, इतर मांसासारखं. मग यजमानाचा भागच उरत नाही, घर बाबांच्या नुसत्या शब्दावर ठरतं, आणि तो शब्द दादाच्या बाजूनं पडेल हा तियांबूनचा हिशोब.

लाम्रियानं कातडीवर सुऱ्याच्या पुढ्यात आपला पंजा पसरून ठेवला.

"चार बोटं पुढून," ती म्हणाली.

"हात काढ, कापेल!" बिन्सार घाबरला.

"कापू दे. पंच विचारतील तेव्हा सांगू, वन्संनी शेपूट सांगितली होती, जावयांकडून बोटं आली."

अंगणातल्या बायकांत खसखस पिकली. तियांबूनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण चारचौघांत ती काय बोलणार? बिन्सारनं बायकोकडे बघितलं, मग त्या पंजाकडे बघितलं आणि सुरा चार बोटं पुढं सरकवला. पुठ्ठा अख्खा निघाला, वर शेपूट ताठ.

मग लाम्रिया चुलीपाशी बसली आणि तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. नावाचे भाग चिरायचे नसतात, अख्खे शिजवायचे असतात, आणि तीच खरी अडचण. डोकं शिजेपर्यंत काळीज दगड होतं. पुठ्ठ्याची कातडी तटकन फुटली की शेपूट गळून पडते. तिनं मोठ्या पातेल्याच्या तळाला बांबूच्या पट्ट्या घातल्या, डोकं खाली, पुठ्ठा वर, आणि पाण्याला कढ म्हणून येऊ दिला नाही. नुसतं हलत ठेवलं. काळीज शेवटी सोडलं. बाकीचं मांस, आतडी, फुप्फुस, सगळं बारीक करून रक्तात आणि तिरफळात दुसऱ्या चुलीवर. घाम डोळ्यांत जात होता. पलीकडे नणंद पाहुण्यांना सांगत होती की वरच्या मजल्यावर खोल्या कशा काढता येतील.

खांबापलीकडून काही आवाज नव्हता. हे तिला जास्त लागलं. आज भांडावं तरी.

एक वाजता पंच आले, सोयरे आले, गाव आलं. म्हाताऱ्याला खांबाला टेकवून बसवला, खांद्यावर उलोसची शाल. समोर परातीत भाग मांडले, जसं जनावर उभं असतं तसे: पुढं डोकं, मग जबडा, बाजूला बरगड्या, मध्ये काळीज, मागं पुठ्ठा. कातडी कुठं फुटली नव्हती. शेपूट जागेवर होती. पंच म्हातारा परातीकडे बराच वेळ बघत राहिला. "असं मांडलेलं मी दहा वर्षांत पाहिलं नाही," तो म्हणाला.

हालोमोआननं भरवलं. तियांबूननं भरवलं आणि डोळे पुसले. बिन्सारनं भरवलं. लाम्रियाला भरवता येणार नव्हतं, सुनेचा हात सासऱ्याच्या तोंडाला लागत नाही. ती खांबाच्या तिच्या अंगाला, चुलीपाशी बसून राहिली. तिथून तिला म्हाताऱ्याचा एक खांदा तेवढा दिसत होता.

म्हातारा घास चघळून चघळून खाली उतरवत होता. मग त्यानं हात वर केला.

"डोकं हालोमोआनला. थोरला आहेस, डोकं तुझं. वापर कधीतरी."

कुणीतरी हसलं. हालोमोआन उभा राहिला, रीतीप्रमाणं "मिळाला वाटा" म्हणाला. ज्याला वाटा मिळतो त्यानं उभं राहून हे शब्द म्हणायचे असतात. म्हटले नाहीत तर वाटा परत जातो.

"जबडा तियांबूनला आणि जावयाला. तिचा एक झिजत आलाय, दुसरा लागेल."

"मिळाला वाटा," तियांबून दात आवळून म्हणाली.

बरगड्या सोयऱ्यांना गेल्या. काळजाचे तुकडे सगळ्यांना. राहिला पुठ्ठा. हालोमोआननं आपल्या खांद्यावरच्या शालीचं टोक सावरलं आणि अर्धा उठलासुद्धा.

"बस," म्हातारा म्हणाला. "तुझं झालं."

"बाबा, घराचा भाग—"

"मला मेदानला न्यायचं म्हणतोस ना? तिथं मला पिशवीतलं बेवारशी मांस घालशील. मी इथंच मरणार."

तियांबून पुढं सरली. "बाबा, त्या बाईला देता येत नाही! पोर नाही, बाळ नाही. पंच बसलेत, विचारा!"

पंच म्हाताऱ्यानं नाइलाजानं मान हलवली. "रीत नाही खरी, ओंपू तोगार. विधवा, त्यातून वारस नाही. तिच्या नावानं देता यायचं नाही."

चुलीपाशी लाम्रियानं डोळे मिटले. झालं, तिच्या मनात आलं. सोमवारची लाँच.

"तिच्या नावानं देतोय कोण?" म्हातारा खेकसला. "ती मला आवडत नाही. कधीच आवडली नाही. तोंडाची फाटकी, मिठाची चिकट. तिला मी काही देत नाही." त्यानं हात मागं नेला आणि पाठीमागच्या काळ्या लाकडावर थापटी मारली. "शेपटीकडचा वाटा मी या खांबाला दिला."



"खांबाला?" हालोमोआन म्हणाला.

"खांबाला. नऊ वर्षं या घरात माझ्याशी बोललं ते फक्त यानंच. तुझा महिन्याला एक फोन यायचा, तोही गाडीत बसून. रीतीत कुठं लिहिलंय की खांबाला देऊ नये? घराचा वाटा घरात राहिला. न्यायचा असेल तर खांब उपटून ने मेदानला, आधी छप्पर उतरव."

पंच म्हातारा दाढी खाजवत राहिला. तो गालात हसतोय हे गावाला दिसत होतं. "अडचण एकच," तो म्हणाला. "मिळाला वाटा, हे म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर वाटा परत."

"हो ना!" तियांबूनला एकदम हुरूप आला. "म्हणू दे की खांबाला! बोलायला लावा, बाबा, लावा बोलायला तुमच्या खांबाला!"

 म्हाताऱ्यानं मान वळवली नाही, डोळेही वळवले नाहीत. नुसता खांबाला टेकून, तोंड मिटून बसून राहिला, सकाळी बसला होता तसा. आणि मग सगळ्या गावाच्या माना एकेक करून खांबाच्या दुसऱ्या बाजूला वळल्या.

लाम्रिया उठली.  हाताला रक्त आणि राख, कपाळावर केस चिकटलेले. ती खांबाशी आली आणि खांबाचा आधार घेऊनच उभी राहिली, कारण दुसरा नव्हता.

"खांब म्हणतोय, मिळाला वाटा," ती म्हणाली. आवाज फाटला, पण शेवटच्या ओळीतल्या माणसाला ऐकू गेला. तिनं नाक ओढलं. "आणि खांब म्हणतोय, मीठ बरोबर आहे."

"खोटं बोलतोय खांब," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं पुठ्ठ्यातल्या घासासाठी तोंड उघडलं.